गव्हर्नर जनरलची सही

पाकिस्तानातील लष्करशाहीची कथा आपण बहुधा ऑक्टोबर १९५८ पासून, आयुब खानांपासून सांगू लागतो. पदव्युत्तर अभ्यासात तमीझुद्दीन खान खटल्याचा निकाल वाचल्यापासून मला हा आरंभ फार उशिराचा वाटतो.

फाळणीनंतर भारत आणि पाकिस्तान या दोघांनीही १९३५ च्या कायद्यावरच, आवश्यक ते फेरफार करून, कारभार सुरू केला. भारताने २६ जानेवारी १९५० रोजी तो बाजूला ठेवला. पाकिस्तानात १९४८ मध्ये जिना गेले, १९५१ मध्ये रावळपिंडीत लियाकत अली खानांची हत्या झाली आणि राज्यघटना रखडतच राहिली. पूर्व बंगालच्या संख्याबळाला आवर कसा घालावा, हा त्यातला खरा पेच. (धर्माचा प्रश्न होताच, पण माझ्या मते तो पुष्कळदा आडोसा ठरला.) १९५३ मध्ये गव्हर्नर जनरल गुलाम मुहम्मद यांनी पंतप्रधान नाझिमुद्दीन यांना बडतर्फ केले. सप्टेंबर १९५४ मध्ये संविधान सभेने त्यांचा तो अधिकारच काढून घेतला. महिन्याभरात, २४ ऑक्टोबरला, त्यांनी सभाच बरखास्त केली.

सभेचे अध्यक्ष मौलवी तमीझुद्दीन खान न्यायालयात गेले. सिंधच्या मुख्य न्यायालयाने त्यांच्या बाजूने कौल दिला. मार्च १९५५ मध्ये फेडरल कोर्टाने तो फिरवला. कशाच्या आधारावर? बरखास्ती योग्य की अयोग्य, या प्रश्नाला सरन्यायाधीश मुनीर यांनी हातच घातला नाही. ज्या दुरुस्तीने न्यायालयांना असे आदेश देण्याचा अधिकार मिळाला होता, तिला गव्हर्नर जनरलची संमती नव्हती. म्हणून दुरुस्ती निरर्थक, म्हणून सिंधचा निकालही निरर्थक! वास्तविक जिनांच्या हयातीपासून सभेचे घटनात्मक कायदे अध्यक्षांच्या सहीनेच अमलात येत होते. या एका तर्काने सात वर्षांतले कितीतरी कायदे अधांतरी लटकले.

पाचांपैकी एकट्या न्यायमूर्ती कॉर्नेलियस यांनी भिन्नमत नोंदवले: सभा सार्वभौम आहे, तिच्या घटनात्मक कायद्यांना अशा संमतीची गरज नाही. आग्र्यात जन्मलेले हे ख्रिस्ती न्यायाधीश पुढे सरन्यायाधीश झाले. आणि याह्या खानांच्या लष्करी राजवटीत कायदामंत्रीही. ही दुसरी नोंद मला अस्वस्थ करते.

७ ऑक्टोबर १९५८ रोजी अध्यक्ष इस्कंदर मिर्झा यांनी लष्करी कायदा पुकारला. मुनीर तेव्हाही सरन्यायाधीश होते. यशस्वी क्रांती स्वतःच कायद्याचा उगम ठरते, असा निकाल त्यांच्या न्यायालयाने २७ ऑक्टोबरला दिला. त्याच रात्री आयुब खानांनी मिर्झांना पदच्युत केले.