घोडा वाहणारी माणसं

मी लहान असताना आमच्या गोव्यातल्या डिचोलीत कुणाच्या दारात घोडा बांधलेला नव्हता. गोठ्यांत बैल होते, म्हशी होत्या, रस्त्यावर खाणींचे ट्रक होते. पेडण्याला आजोळी गेलं तरी तेच. तरीही माझं सगळं बालपण घोड्यांच्या वाटेकडे डोळे लावून गेलं. वर्षातून एकदा, शिगम्यात, ते यायचे. देवळापुढच्या मांडावर ढोल-ताशा घुमू लागला, कासाळ्यांचा ठेका धरला गेला की घोडेमोडणीचे घोडे रांगेने पुढे सरकत. शेजारच्या सत्तरीतही ते येतात, पण आम्हा मुलांना आपल्या गावाचेच घोडे खरे वाटत.

ज्यांनी घोडेमोडणी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. बांबूच्या कामट्यांचा सांगाडा, पुढे लाकडी मुंडकं, वर कापडाची झूल. मधल्या पोकळीत माणूस उभा राहतो आणि सांगाडा कमरेशी बांधून घेतो. अंगात सरदारी अंगरखा, डोक्यावर फुलांनी सजवलेला फेटा, पायांत घुंगरू. एका हातात लगाम, दुसऱ्या हातात उगारलेली तलवार. कमरेच्या वर स्वार आणि कमरेखाली घोडा, दोघांना मिळून पाय मात्र दोनच.

पेडण्याचा माझा मामा हा घोडा घेऊन नाचायचा. एरवी तो काजू आणि माडांच्या बागायतीत राबणारा, कमी बोलणारा माणूस. शिगमा जवळ आला की माळ्यावरून सांगाडा खाली काढायचा आणि पडवीत बसून एकेक गाठ तपासायचा. ढिली झालेली कामटी नव्या सुंभाने आवळायची, मुंडक्याचा रंग उडाला असेल तिथे हात फिरवायचा. खांद्यावरून जाणाऱ्या पट्ट्यांना आजीच्या जुन्या लुगड्याची चिंधी गुंडाळायची. एवढं करूनही नाचून आल्यावर त्याच्या दोन्ही खांद्यांवर लाल वळ उठलेले असत. आजी काही न बोलता त्यांवर खोबरेल चोळायची. ते वळ मला तलवारीपेक्षा मोठे वाटायचे.

एकदा मी हट्टाने तो सांगाडा अंगावर चढवला आणि अंगणात उड्या मारू लागलो. मामाने मला थांबवलं. म्हणाला, "घोडो तुका व्हरना रे, तूं घोड्याक व्हरता." घोडा तुला नेत नाही, तू घोड्याला नेतोस. मग त्याने माझे गुडघे हाताने किंचित वाकवले आणि पावलं टाकायला लावली. उसळी गुडघ्यात जिरली पाहिजे, खांदे हलता कामा नयेत. खांदे हलले की घोड्याची मान मेल्यासारखी लटकते. खांदे स्थिर ठेवून पाय नाचले, की मान आपोआप उचलली जाते आणि घोडा जिवंत होतो. हे त्याने शब्दांत फारसं सांगितलं नाही, माझ्या खांद्यांवर तळवे ठेवून शिकवलं.

पुढे इतिहास वाचू लागलो तेव्हा या घोड्यांचं मोल आणखी कळलं. १५१० मध्ये पोर्तुगीजांनी गोवा घेतला. त्यानंतर होर्मुझहून येणाऱ्या अरबी घोड्यांचा व्यापार आपल्या मुठीत ठेवण्यासाठी त्यांनी जिवाचं रान केलं. इथे उतरलेले घोडे घाट चढून विजयनगरला जात, आणि त्यांच्या जकातीवर गोव्याची तिजोरी भरे. १५६५ मध्ये तालिकोटच्या लढाईने विजयनगर कोसळलं तसा हा व्यापारही ओसरला. एवढे घोडे या भूमीवरून गेले, पण भातशेती करणाऱ्या माणसाच्या वाट्याला त्यांच्या टापांची धूळ तेवढी आली. घोडा हे सत्तेचं वाहन होतं. त्यावर बसणारा नेहमी दुसराच कुणीतरी असायचा.

आधी डिचोली आणि सत्तरी, मग १७८८ मध्ये पेडणे पोर्तुगीज अमलाखाली गेलं. हा 'नव्या काबिजादी'चा, म्हणजे नंतर जिंकून घेतलेला, मुलूख सहजासहजी नमला नाही. सत्तरीच्या राणे घराण्याने पुन्हा पुन्हा शस्त्र उचललं. १८५२ मध्ये दीपाजी राण्यांनी नाणूसचा किल्ला घेतला आणि पुढची काही वर्षं सरकारला झोप लागू दिली नाही. पोर्तुगीज दफ्तरांत या सगळ्याची नोंद बंड म्हणून आहे. मांडावर मात्र घोडेमोडणी राण्यांच्या विजयाची आठवण म्हणून नाचली जाते. ज्यांना घोडा परवडत नव्हता त्यांनी बांबू आणि कापडाचा घोडा केला आणि तो स्वतःच्या खांद्यावर घेतला. आपला पराक्रम आठवायला त्यांना कुणाच्या पागेची परवानगी लागली नाही.

खरा धावता घोडा मी जवळून पाहिला तो पुण्यात, कॉलेजच्या दिवसांत. माझ्या एका मित्राचे वडील रेसकोर्सवर सईस होते. पावसाळी मोसमात एका पहाटे ते आम्हाला सराव बघायला घेऊन गेले. धुक्यातून आधी टापा ऐकू आल्या, मग घोड्याच्या नाकपुड्यांतला श्वास, आणि शेवटी घोडा दिसला. माझे डोळे मात्र स्वारावर खिळले. तो खोगिरावर बसलेलाच नव्हता! पावलांचे चवडे रिकिबीत, गुडघे वाकलेले, पाठ जमिनीला समांतर. खाली घोड्याची पाठ लाटेसारखी उसळत होती आणि वर त्या माणसाचे खांदे जराही हलत नव्हते. मामाने अंगणात शिकवलेलं सगळं माझ्यासमोर दौडत गेलं.

जॉकी असा का उभा राहतो, हे पुढे वाचून समजलं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटापर्यंत इंग्लंडमधले जॉकी ताठ बसून शर्यत मारत. मग अमेरिकन जॉकींनी ही ओणवी बैठक तिथे नेली आणि थोड्याच वर्षांत शर्यतींच्या वेळा ५ ते ७ टक्क्यांनी सुधारल्या. लंडनच्या रॉयल व्हेटर्नरी कॉलेजच्या संशोधकांनी २००९ मध्ये त्यामागचं गणित मांडलं. घोड्याची पाठ प्रत्येक झेपेला पुढे-मागे, वर-खाली होते. जॉकी स्वतःच्या पायांनी ती हालचाल झेलतो आणि आपलं शरीर एका संथ रेषेत पुढे नेतो. त्यामुळे घोड्याला वजन वाहावं लागतं, पण प्रत्येक झेपेला त्या वजनाला नव्याने धक्का द्यावा लागत नाही. तो धक्का जॉकीच्या मांड्या सोसतात. प्रेक्षकांना वाटतं की घोडा माणसाला नेतो आहे. प्रत्यक्षात घोड्याच्या श्रमांतला एक वाटा माणसाने आपल्या अंगावर घेतलेला असतो.

हा वाटा फार महाग असतो. शर्यतीआधी आणि शर्यतीनंतर जॉकीला खोगिरासकट काट्यावर उभं राहावं लागतं. वजन कमी भरलं तर खोगिराखाली शिसं ठेवतात, जास्त भरायची भीती असेल तर आदल्या दिवसापासून पोट मारायचं. हँडिकॅपच्या शर्यतीत तर जिंकणाऱ्या घोड्यावर पुढच्या खेपेला अधिक वजन चढवतात. यशाबरोबर भारही वाढतो, असा नियम मी दुसऱ्या कुठल्या खेळात इतक्या उघडपणे लिहिलेला पाहिला नाही.

मित्राचे वडील जुन्या जॉकींची नावं आदराने घ्यायचे. पांडू खाडे, वसंत शिंदे. पेसी श्रॉफ तर त्या काळात मुंबईचं महालक्ष्मी आणि पुण्याचं रेसकोर्स गाजवत होते. वर्षानुवर्षं चॅम्पियन ठरलेल्या श्रॉफ यांनी २००४ मध्ये स्वारी थांबवली आणि ते प्रशिक्षक झाले. तिथेही ते अव्वल ठरले. मोठा जॉकी कसा ओळखायचा, असं मी विचारलं तेव्हा ते सईस म्हणाले, "शेवटच्या दोनशे मीटरला घोड्यात काय शिल्लक आहे ते बघ. चांगला जॉकी ते राखून ठेवतो, वाईट जॉकी आधीच खर्चून बसतो." १९४३ पासून धावली जाणारी इंडियन डर्बी २४०० मीटरची असते. त्यातले पहिले २२०० मीटर संयमाचे असतात, हे मला तेव्हा कळलं.

आज पेडण्याच्या मोपा पठारावर विमानतळ उभा आहे. डिचोलीतल्या खाणी २०१२ मध्ये बंद पडल्या, मग सुरू झाल्या, २०१८ मध्ये पुन्हा थांबल्या, आणि त्यांच्यावर चाललेली घरं त्या प्रत्येक वेळी हादरली. विमानतळावर, औषधांच्या कारखान्यांत पाळ्या करणारी पोरं शिगम्याला रजा टाकून येतात आणि सांगाडा कमरेला बांधतात. शहरांतल्या शिगमोत्सवाच्या मिरवणुकांत परीक्षकांसमोर प्रत्येक पथकाला थोडकीच मिनिटं मिळतात. तेवढ्यात डोळ्यांत भरायचं म्हणून पोरं उंच उड्या घेतात. टाळ्या पडतात, पण घोड्याची मान लटकते. मामा आता नाचत नाही. गुडघे थकले, तरी शिगम्याआधी संध्याकाळी तो मांडावर जातो, पोरांच्या मागे उभा राहतो आणि त्यांच्या खांद्यांवर तळवे ठेवतो. त्या पोरांना मिरवणुकीतलं बक्षीस जरूर मिळावं. पण त्याआधी गावच्या मांडावर, घाई नसलेल्या ढोलावर नाचायला त्यांना पुरेसा वेळ मिळायला हवा, असं मला मनापासून वाटतं. खांदे स्थिर ठेवायची विद्या तिथेच अंगात मुरते.

माझ्या आयुष्यात मी ना घोडा घेतला, ना शर्यतीवर पैसा लावला. घोड्याने मला दिली ती एक कसोटी. घरात, नोकरीत, सार्वजनिक कामात पुढे बसलेला माणूस दिसला की मी बघतो, याच्या पायाखालचं जित्राब याच्यामुळे हलकं धावतं आहे की याच्या ओझ्याने दमलं आहे. लगाम हाती आलेल्यांपैकी बहुतेकांना वाटतं, आपण आता बसायचं. पेडण्याच्या शेतकऱ्याला आणि महालक्ष्मीच्या चॅम्पियनला ठाऊक असतं की लगाम हाती आला, की बसणं संपतं आणि गुडघ्यांचं काम सुरू होतं.