कबुलीनंतर उरते काय?

सत्तावीस वर्षे मी न्यायालयात लिपिक होतो. किरकोळ खटल्यांच्या दिवशी दहा-दहा जण रांगेत उभे असायचे. "गुन्हा कबूल आहे?" "हो साहेब." दंड, पावती, पुढचा. मजुरी बुडण्यापेक्षा पाचशे रुपये स्वस्त, हा हिशेब गरिबाच्या दृष्टीने खोटा नसतो. हो म्हणताना पुढचे दार बंद होते, हे मात्र त्याला कुणी सांगत नाही.

माझ्या भाच्याचे तसेच झाले. बसस्थानकावर भांडण झाले, त्यात नाव आले. वकील म्हणाले, "हो म्हण, आजच सुटशील." तो सुटलाही. दोन वर्षांनी भरतीत निवड झाली आणि चारित्र्य पडताळणीत शिक्षा निघाली. "मामू, मी हात उचललाच नव्हता. आता अपील करू या ना!"

कायदा इथेच अडवतो. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम ३७५, म्हणजे आताच्या नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ४१६, सांगते की कबुलीवरून शिक्षा झाली असेल तर दंडाधिकारी किंवा सत्र न्यायालयाच्या निकालावर अपील फक्त शिक्षेच्या प्रमाणाबद्दल व कायदेशीरपणाबद्दल. मी मारले नाही, हे तिथे ऐकले जात नाही. कबुली आरोपीच्या शक्य तितक्या त्याच्याच शब्दांत नोंदवावी लागते. ती तशी नोंदवली नसेल, किंवा आरोप समजावलाच नसेल, तर पुनरीक्षण अर्ज करता येतो. त्याची मुदत ९० दिवस, अपिलाची ३०. आमची दोन्ही गेली होती.

प्ली बार्गेनिंग, म्हणजे तडजोडीची कबुली, याहून पक्की. तिच्यावर अपील नाही. रिट घेऊन उच्च न्यायालयात किंवा विशेष परवानगीने सर्वोच्च न्यायालयात जावे लागते. २०२० साली दिल्लीत तबलीगी जमातीच्या परदेशी पाहुण्यांपैकी बहुतेकांनी हीच वाट धरली, दंड भरला आणि मायदेशी गेले. परका मुलुख, टाळेबंदी, घरी बायकामुले. त्यांना दोष कोण देईल? पण ४४ जण खटल्याला उभे राहिले. त्यांतले ८ आधीच आरोपमुक्त झाले आणि १५ डिसेंबर २०२० रोजी उरलेले ३६ निर्दोष सुटले.

भाच्याची फाईल मी दोनदा वाचली. कबुली छापील नमुन्यावर होती, खाली त्याची सही. तिथे धरायला जागा थोडी. शिक्षेच्या बाजूने मात्र एक फट दिसली. १९५८ च्या परिवीक्षा कायद्यानुसार किरकोळ, पहिल्या गुन्ह्यात दंडाऐवजी ताकीद देऊन सोडता येते, आणि कलम १२ प्रमाणे मग त्या शिक्षेमुळे येणारी अपात्रता लागत नाही. ही मागणी त्या दिवशीच तोंडी करता आली असती. वकिलांना घाई होती.

आता सत्र न्यायालयात शिक्षेपुरते अपील आणि सोबत विलंब माफीचा अर्ज दिला आहे. सरकारी वकिलांचे म्हणणे यायचे आहे. भरतीवाले थांबतील का, हे आपा मला रोज विचारते. मी तिला पुढची तारीख सांगतो.