दारिद्र्याचे माप

अन्नदानाचे माहात्म्य आम्ही लहानपणापासून ऐकत आलो आहोत. देवळातील समाराधनेस किती पाने झाली याची चर्चा दुसऱ्या दिवशी गावभर होते आणि तो आकडा ऐकून आम्हांसही धन्यता वाटते. परंतु पंगतीस बसलेल्यांची गणती सोपी. वर्षाच्या उरलेल्या दिवसांत किती घरी चूल पेटली नाही, याची गणती कोणत्या मापाने करावी?

दादाभाई नौरोजी १८७४ साली काही काळ बडोद्याचे दिवाण होते. त्यांनी तुरुंगातील कैद्याचा शिधा हेच माप धरले. १८६७-६८ साली दरडोई वार्षिक उत्पन्न अवघे २० रुपये भरते. सरकार कैद्यास जेवढे अन्नवस्त्र पुरविते, तेवढेही निरपराध प्रजेच्या वाट्यास येत नाही, असे त्यांनी दाखविले. त्या हिशेबात राज्यकर्त्यांवरील आरोपपत्रच होते.

पुढे १९७१ साली पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतील वि. म. दांडेकर व नीळकंठ रथ यांनी माणशी रोजच्या २२५० उष्मांकांचे माप घेतले. खेड्यांतील सुमारे ४० टक्के व शहरांतील ५० टक्के लोकांस तेवढेही अन्न परवडत नव्हते. श्रम करू इच्छिणाऱ्यास काम मिळावे, हा त्यांचा उपाय होता. महाराष्ट्रात वि. स. पागे यांनी रोजगार हमीची हीच वाट धरली होती. १९७७ साली तिचा कायदा झाला.

जागतिक बँकेने १९९० साली रोजचा १ डॉलर ही रेषा आखली. जून २०२५ मध्ये ती ३ डॉलरवर नेली. हे डॉलर देशोदेशीच्या किमती जुळवून मोजलेले असतात. नव्या रेषेने व नव्या पाहण्यांनी २०२२ सालच्या अतिदरिद्री लोकांची संख्या सुमारे ७१ कोटींवरून ८४ कोटींवर गेली. कोणाच्या ताटातला घास कमी झाला नव्हता. रेषेबाहेर राहिलेली माणसे आता गणतीत आली, इतकेच.

म्हणूनच माप कोठे धरावे हा प्रश्न पंडितांपुरता नाही, असे आम्हांस वाटते. जो गणतीत नाही, त्याची आठवण कोणास होत नाही. मानी गरीब तर पंगतीसही येत नाही. आपल्या पुण्याचा हिशेब दात्याने ठेवू नये. शेजाऱ्याच्या गरजेचा मात्र अवश्य ठेवावा.