वाचता येतं, तपासता येत नाही

२०१० साली कारमेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ या दोन नामवंत अर्थतज्ज्ञांचा एक शोधनिबंध आला. सरकारी कर्ज जीडीपीच्या ९० टक्क्यांवर गेलं की देशाची वाढ मंदावते, असं त्यांचं म्हणणं होतं. अशा प्रगत देशांची सरासरी वाढ त्यांनी काढली होती उणे ०.१ टक्का. युरोप-अमेरिकेत सरकारी खर्च कापा म्हणणाऱ्यांनी हा आकडा उचलून धरला.

मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातल्या थॉमस हर्नडन या विद्यार्थ्याने अभ्यासक्रमाचा भाग म्हणून तेच गणित पुन्हा करून पाहिलं. उत्तर जुळेना. त्याने लेखकांकडे एक्सेलची फाइल मागितली आणि त्यांनी ती दिली. सरासरीच्या सूत्रात पाच देश सुटले होते: ऑस्ट्रेलिया, ऑस्ट्रिया, बेल्जियम, कॅनडा आणि डेन्मार्क. शिवाय काही वर्षांची आकडेवारी गाळलेली होती आणि सरासरी काढायची पद्धतही हर्नडनला पटली नाही. हे सगळं सुधारून त्याने आणि त्याच्या दोन प्राध्यापकांनी २०१३ मध्ये मांडलेला आकडा होता अधिक २.२ टक्के. मूळ लेखकांनी एक्सेलची चूक मान्य केली, निष्कर्ष मात्र सोडला नाही.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. सूत्रात पाच ओळी सुटल्या, याचं आमच्या धंद्यात कुणाला नवल वाटणार नाही. पण तो निबंध कितीही वेळा वाचला असता तरी ही चूक दिसली नसती. ती फाइलमध्ये होती.

ओपन अ‍ॅक्सेसची चर्चा होते ती बहुतेक वेळा वाचण्याबद्दल. भारतात २०२५ पासून ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ सुरू झालं. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, जवळपास १३,००० नियतकालिकं. सहा हजारांहून जास्त सरकारी शिक्षणसंस्था आणि संशोधनसंस्थांना ती वाचता येतात. जिल्ह्याच्या गावातल्या सरकारी कॉलेजसाठी ही मोठीच गोष्ट आहे. पण हे शेवटी सबस्क्रिप्शन आहे. पैसे भरलेत तोवरच दार उघडं, आणि खासगी कंपनीत काम करणारा माझ्यासारखा त्या दाराबाहेरच. बरं, आत शिरलात तरी पुढे आणखी एक दार असतं. त्याच्याशी माझी गाठ कामाच्या निमित्ताने पडली.

आमच्या छोट्या कंपनीला सोयाबीनच्या शेतकऱ्यांसाठी फवारणीचा सल्ला देणारी मेसेज सेवा करायची होती. तांबेरा कोणत्या तापमानाला आणि पानं किती तास ओली राहिल्यावर पसरतो, याचं सूत्र एका निबंधात होतं. निबंध फुकट डाउनलोड झाला. त्याच्या शेवटी लिहिलं होतं की रास्त विनंती केल्यास आकडेवारी उपलब्ध करून दिली जाईल. मी तीन मेल केले. दोनांना उत्तर आलं नाही. तिसरा परत आला, तो पत्ताच बंद झाला होता.

मॅनेजर म्हणाला, “अरे, जर्नलमध्ये छापून आलंय ना? मग झालं की!”

ज्यांना मेसेज जाणार होते त्यांत सांगलीकडच्या माझ्या मामाचा नंबर होता. ‘आज फवारा’ असा मेसेज गेला की मामा फवारणार. औषध उधारीवर, वर दोन माणसांची हजेरी. सूत्र चुकीचं निघालं तर निबंधाचं काही बिघडणार नव्हतं, खर्च मामाच्या वहीत चढणार होता. मी अडून बसलो. शेवटी ‘फवारा’ हा शब्द काढून ‘पानांची मागची बाजू बघा, ठिपके दिसले तर कृषी सहायकांना विचारा’ असं ठरलं. सेवा त्यामुळे जरा मवाळ झाली आणि मॅनेजर नाराज. पण जे मला तपासता येत नाही, ते मामाला हुकूम म्हणून कसं पाठवणार?

संशोधकांची अडचणही खरी आहे. तीन पावसाळे चिखल तुडवून जमवलेली आकडेवारी दुसऱ्याने आयती उचलून पुढचा निबंध छापला तर? रुग्णांची माहिती असेल तर नावं-गावं झाकावीच लागतात. बढती मिळते ती निबंध मोजून, नीट लावलेल्या फाइलला कोण विचारतं? त्यामुळे नुसता उपदेश करून भागणार नाही. सोयी मात्र आहेत. झेनोडोसारख्या ठिकाणी आकडेवारी आणि कोड फुकट ठेवता येतो, त्याला निबंधासारखाच डीओआय मिळतो. स्वतःचं काम छापून होईपर्यंत काही काळ कुलूपही लावता येतं. अशी फाइल दुसऱ्या कुणी वापरली तर तिचा उल्लेख व्हावा आणि तो बढतीच्या वेळी मोजला जावा, एवढं संस्थांनी केलं तरी पुष्कळ.

आमच्याकडे कितीही अनुभवी माणसाचा कोड असो, दुसऱ्याने तपासल्याशिवाय तो पुढे जात नाही. त्यात कुणी अपमान मानत नाही. राइनहार्ट आणि रोगॉफ यांची चूक आज जगाला माहीत आहे, कारण मागितल्यावर त्यांनी फाइल दिली. त्याचं श्रेय त्यांना द्यायलाच हवं. ज्यांनी फाइल दिलीच नाही, त्यांचे आकडे कुठे कुठे वापरले जात असतील आणि त्याचा खर्च कुणाच्या वहीत चढत असेल, हे आपल्याला कळायला मार्ग नाही.