अ‍ॅडमिन, अ‍ॅडमिन

गेल्या रविवारी सकाळी पहिला चहा घेतोय तोच कुपवाडहून अण्णांचा फोन.

"अरे, बँकेचं पान उघडायला गेलो की लाल पाटी येतीय. कनेक्शन सुरक्षित नाही म्हणतंय. पुढं जाऊ का?"

"नको!" मी जवळजवळ ओरडलोच.

अण्णांची अख्खी नोकरी कुपवाड एमआयडीसीत, फाउंड्रीत गेली. लाल दिवा लागला की आधी मशीन बंद, मग चौकशी, हा त्यांचा नियम. त्या सवयीनेच आयुष्यभराची पुंजी वाचली म्हणायची.

त्यांना मोबाइलवर तेच पान उघडायला लावलं. वाय-फायवर तीच लाल पाटी, आणि मोबाइल डेटावर सगळं व्यवस्थित! म्हणजे बँक ठीक, फोन ठीक, घोळ मधल्या डबड्यात. वाय-फाय बंद ठेवायला सांगितलं आणि दुपारी स्वारगेटहून सांगलीची गाडी पकडली.

रात्री राउटर उघडून पाहिला. डीएनएसचा पत्ता कुणीतरी बदललेला. डीएनएस म्हणजे इंटरनेटची टेलिफोन डिरेक्टरी. तीच बदलली की तुम्ही बँकेचं नाव बरोबर लिहिता आणि पोचता भलतीकडेच. आणि त्या राउटरचं लॉगिन काय होतं? अ‍ॅडमिन, पासवर्डही अ‍ॅडमिन. बसवला होता कुणी? २०१९ च्या दिवाळीत, मीच! ऑफिसात सर्व्हरच्या सुरक्षेवर लोकांना लेक्चर देणारा मी.

आपली सगळ्यांची गल्लत इथंच होते. वाय-फायचा पासवर्ड कडक ठेवला की झालं असं वाटतं. पण तो शेजाऱ्यांसाठी. राउटरच्या सेटिंगचा पासवर्ड वेगळा, आणि रिमोट मॅनेजमेंट चालू असेल तर तिथे जगातला कुणीही येऊन दार वाजवू शकतो.

अण्णांना २०१६ च्या 'मिराई'ची गोष्ट सांगितली.

"मिरजेचा का रे?"

नाही हो, जपानी शब्द आहे, अर्थ 'भविष्य'! ते मालवेअर फारसं हुशारही नव्हतं. कारखान्यातून आलेल्या ६० च्या आसपास नाव-पासवर्डांच्या जोड्या एकामागून एक लावून बघायचं, बस्स. तेवढ्यावर लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले, आणि २१ ऑक्टोबर २०१६ ला ट्विटरसारख्या साइट्स अमेरिकेत काही तास बंद पाडल्या. आपल्याकडेही जुलै २०१७ मध्ये बीएसएनएल आणि एमटीएनएलच्या ग्राहकांचे हजारो मोडेम अशाच हल्ल्यात निकामी झाले होते. तेव्हा बीएसएनएलने ग्राहकांना सांगितलं ते एवढंच, की मूळ पासवर्ड बदला.

"म्हणजे आपला डबा दुसऱ्याच्या घरावर दगड मारत असंल, आणि आपल्याला पत्ताच नाही?" अण्णा म्हणाले. अगदी तसंच.

मग कामाला लागलो. आधी फॅक्टरी रीसेट. नुसतं बंद-चालू करून मिराईसारखं मालवेअर जातं, पण पासवर्ड तोच असेल तर काही मिनिटांत परत येतं, आणि बदललेली सेटिंग तर तशीच राहतात. नंतर नवं फर्मवेअर, अ‍ॅडमिनला लांबलचक पासवर्ड, रिमोट मॅनेजमेंट बंद, डब्ल्यूपीएस बंद, यूपीएनपी बंद. शेवटी डीएनएस पुन्हा तपासला. ज्या राउटरला कंपनी अपडेट देत नाही, तो मात्र बदललेलाच बरा. सगळं मिळून तासभर लागला. बँकेचा पासवर्डही बदलून टाकला, उगाच शंका नको.

अण्णांनी नवा पासवर्ड दुधाच्या हिशेबाच्या वहीत लिहून ठेवला. मी तोंड उघडणार होतो, पण गप्प बसलो. चोर परदेशातून येणार, तो काय कुपवाडला येऊन दुधाची वही उघडणार आहे?

असो. पाहुण्यांना आपण वाय-फायचा पासवर्ड बदलून दाखवतो, पण राउटर बसवल्या दिवसापासून त्याचं लॉगिन कुणी बघितलंय? आज रविवार आहे. गावाकडच्या घरी डबा तुम्हीच बसवला असेल, तर एक फोन कराच.