बाबाला हिंदी येत नाही

आमच्या घरात एक खोटं होतं. ते मी सुरू केलं आणि लेक बोलायला लागल्यापासून मी एकट्यानेच चालवलं. खोटं असं, की बाबाला हिंदी येत नाही.

खरं तर माझं पोट हिंदीवर चालतं. हिंदीतल्या कथा-कादंबऱ्या मराठीत आणणं हे माझं काम. जयपूरला येऊन तेरा वर्षं झाली. बायको इथलीच. भाजीवाल्याशी घासाघीस हिंदीत, घरमालकाशी भाड्यावरून हुज्जत हिंदीत, आणि संतापलो की शिव्यासुद्धा आता हिंदीतच सुचतात. तरीही लेक "बाबा, पानी दो" म्हणाली की मी कपाळाला आठ्या घालून विचारायचो, "काय म्हणालीस? मला नाही समजलं." ती उसासा टाकायची, चार वर्षांच्या पोरीला टाकता येईल तेवढा मोठा, आणि म्हणायची, "पाणी दे." मी ताडकन उठायचो.

मी बाप झालो तेव्हा चाळिशी उलटली होती. बरोबरीच्या मित्रांची पोरं दहावीच्या क्लासला जात होती आणि मी गच्चीवर लंगोट वाळत घालत होतो. वयाने प्रौढ असलो तरी बाप म्हणून मी नवशिकाच, आणि नवशिक्याचा नियमांवर फार विश्वास असतो. माझा नियम पुस्तकातून आला होता. जूल रोंझा नावाच्या फ्रेंच भाषाशास्त्रज्ञाने आपल्या मुलावर 1913 साली एक ग्रंथ लिहिला. बाप मुलाशी फक्त फ्रेंच बोलणार, आई फक्त जर्मन. एक माणूस, एक भाषा. एम. ए.ला असताना वाचलेलं हे सूत्र मी वीस वर्षं जपून ठेवलं होतं. हिंदी समजतच नसल्याचं सोंग ही त्यात माझी स्वतःची भर.

सोंग निभावणं सोपं नव्हतं. फोन आला की मी बाल्कनीत जायचो आणि दार ओढून घ्यायचो. बायकोशी तिच्यादेखत बोलताना अर्धी वाक्यं खुणांनी करायचो. लेक म्हणाली, "बाबा, ग्लास खाली", की मी वाकून टेबलाखाली बघायचो. तिला हसू यायचं, माझा नियमही पाळला जायचा.

काही शब्दांनी मात्र मलाच हसवलं. डिसेंबरातली सकाळ होती. जयपूरची थंडी कोरडी असते, घरात हाडांत शिरते आणि बाहेर उन्हात बसलं की निघून जाते. मी म्हटलं, "चल गच्चीवर, छान ऊन पडलंय." ती धावत गेली, इकडेतिकडे बघितलं, पाण्याच्या टाकीमागे जाऊन आली आणि हिरमुसून म्हणाली, "कहाँ गिरा?" तिच्या लेखी ऊन म्हणजे नानीच्या पिशवीतली लोकर. नानी स्वेटर विणते ती. तिच्या हिंदीत उन्हाला धूप म्हणतात, आणि माझ्या मराठीत धूप देवासमोर जळतो. त्या दिवशी मी वहीत दोन्ही शब्द लिहिले.

ही वही माझी दुसरी खोड. तिचा प्रत्येक नवा मराठी शब्द मी तारखेसकट लिहून ठेवतो. तिसरी खोड पायऱ्यांची. बापूनगरातल्या आमच्या घरी जायला 38 पायऱ्या चढाव्या लागतात, आणि त्या मी मोठ्याने मोजतो, कारण मराठी आकडे असेच तोंडात बसतात असं मला वाटतं. एकोणतीसपाशी ती दर वेळी अडखळते. तिथे आम्ही दोघं थांबतो. वरच्या मजल्यावरच्या आजींना वाटतं, माझ्या गुडघ्याला काही झालंय.

आणि चौथी खोड, खरं तर भीती, ळ ची. हिंदी बोलणाऱ्या पोरांत वाढते आहे, हिला ळ येईल का? रोज सकाळी केळं सोलताना मी तिच्यासमोर धरायचो. "हे काय?" "केला." "केळं." "केलं." डोळा, बाळ, शाळा, सगळ्यांची हीच गत. माझ्या आजोबांचं सबंध बोलणं, सातारची सगळी हवा मला त्या एका अक्षरात अडकलेली दिसायची. ते अक्षर गेलं की मागून सगळंच जाणार, अशी धास्ती.

साताऱ्याहून माझी आई दर शुक्रवारी व्हिडिओ कॉल करते. मी इकडे किल्ला लढवतोय, आणि आई नातीशी चक्क हिंदीत बोलते. "बेटा, दूध पिया क्या? आज शाळा में क्या क्या शिकवलं?" एकदा मी चिडून म्हटलं, "आई, तू तरी मराठीत बोल. तिच्या कानावर पडणार कसं?" आई म्हणाली, "अरे, मी काय म्हणते ते तिला कळायला नको का? मला कुठे तिची परीक्षा घ्यायचीय!" मी विषय बदलला.

हिवाळ्यातल्या रविवारी आम्ही दोघं जंतरमंतरला जायचो. मोठं सम्राट यंत्र सुमारे 27 मीटर उंच आहे. त्याची सावली सेकंदाला साधारण 1 मिलिमीटर सरकते, म्हणजे मिनिटाला 6 सेंटिमीटर, तिच्या तळहाताच्या रुंदीएवढी. सावली चालते हे डोळ्यांनी दिसतं, म्हणून तिला ते आवडायचं. माझ्या मनगटावरचं घड्याळ आणि सावलीचं घड्याळ मात्र जुळत नाहीत. जयपूर भारतीय प्रमाणवेळेच्या रेखांशाच्या बरंच पश्चिमेला, त्यामुळे सावली मागे असते. किती मागे, ते वर्षभर बदलतं: फेब्रुवारीच्या मध्याला जवळजवळ 40 मिनिटं, नोव्हेंबरच्या सुरुवातीला जेमतेम 10. "मग खरं कोणतं?" तिने विचारलं होतं, तेही मराठीत. "दोन्ही," मी म्हटलं. "फक्त मधला फरक ठाऊक पाहिजे."

तिथे मी तिला जगन्नाथ सम्राटांची गोष्ट सांगायचो. सवाई जयसिंहांच्या पदरी असलेले हे पंडित मूळचे महाराष्ट्रातले, असं परंपरा सांगते. राजाने सांगितलं म्हणून ते अरबी आणि फारसी शिकले. टॉलेमीचा ग्रंथ अरबीतून घेऊन त्यांनी 'सिद्धान्तसम्राट' रचला, 1732 च्या सुमारास. युक्लिडची भूमिती त्यांनी 'रेखागणित' म्हणून संस्कृतात आणली, तीही अरबीवरूनच. माझ्या धंद्यातला या शहरातला इतका जुना माणूस दुसरा मला माहीत नाही. लेकीला सांगताना गोष्ट अर्थात लहान व्हायची. "आपल्याकडचे एक आजोबा होते. खूप लांबून इथे आले. खूप हुशार होते." मी 'आपल्याकडचे' या शब्दावर जोर द्यायचो. अरबी शिकले, हे सांगायचं राहून जायचं.

मग जूनमधली ती रात्र आली.

ब्रह्मपुरीत माझ्या सासुरवाडीला आम्ही राहायला गेलो होतो. नाहरगडाच्या पायथ्याशी जुनी वस्ती, गल्ल्या अरुंद, पण घरांना गच्च्या मोठ्या. संध्याकाळी वीज गेली ती आलीच नाही. सासूबाईंनी गच्चीवर पाणी शिंपडलं, फरशीतून वाफा निघाल्या, मग हळूहळू ती निवली. सगळ्यांच्या गाद्या वर आल्या. लेक माझ्या आणि नानीच्या मध्ये झोपली.

रात्री कधीतरी माझ्या दंडाला छोटे हात लागले. "बाबा! मकोड़ा! काट रहा है!"

मी पुरता जागा नव्हतो. पण तोंडाला सवय होती. "काय म्हणालीस? मला नाही समजलं."

ती रडायला लागली होती, ती थांबली. अंधारात मला तिचा चेहरा दिसत नव्हता, फक्त श्वास ऐकू येत होता, आत ओढून धरलेला. ती शब्द शोधत होती. मुंगळा पायाला डसलेला आहे, दुखतंय, आणि ती रडणं आवरून मराठी शब्द शोधते आहे, हे माझ्या ध्यानात यायला दोन-तीन सेकंद गेले असतील. मग ती अगदी हळू म्हणाली, "बाबा, मला मराठीत नाही येत."

तोवर सासूबाई उठल्या होत्या. मोबाइलचा उजेड पाडून त्यांनी पायजम्याची कड वर केली, घोट्यापाशी चिकटलेला मुंगळा चिमटीत धरून काढला आणि तिथे थुंकी लावली. "काळो मकोड़ो छो, बेटा. गयो, गयो." लेक नानीच्या कुशीत शिरली आणि मग मोठ्याने, मोकळेपणी रडली. माझ्याकडे पाठ करून.

घडलं इतकंच. मुंगळा सगळ्यांनाच चावतो. सकाळी घोट्यावर लाल ठिपका होता, दुपारपर्यंत तोही गेला. बायकोने चहा हातात देताना एकच विचारलं, "आपको तो समझ में आया था न?" मी हो म्हटलं. ती आणखी काही बोलली नाही, आणि मी कप हातात धरून बराच वेळ जिन्यातच बसून राहिलो.

मी भाषांतरकार आहे. समोरच्याचं म्हणणं आधी नीट ऐकायचं, मग आपल्या भाषेत आणायचं, या कामाचे मला पैसे मिळतात. आणि माझ्या पोरीने वेदनेने उच्चारलेलं, मला स्वच्छ कळलेलं वाक्य मी तिला परत केलं होतं, चुकीच्या भाषेत आलं म्हणून. तिथेच बसल्या बसल्या मला कळलं, की जगन्नाथ सम्राटांची गोष्ट मी उलटी सांगत आलो होतो. लांबून आलेला तो पंडित 'मला अरबी समजत नाही' म्हणून बसून राहिला असता, तर सांगण्यासारखी गोष्टच उरली नसती.

खाली अंगणात लेक मामाला रात्रीची हकिगत सांगत होती. शेजारची दोन पोरंही जमली होती. हात पसरून ती मुंगळ्याचं माप दाखवत होती, मांजराएवढं. "इतना बड़ा! काळो मकोड़ो!"

मी कान टवकारले. तिने पुन्हा सांगितलं, आता दुसऱ्या पोराला. "काळो." जीभ टाळूला मागे वळवून, जशी माझ्या आजोबांची वळायची तशी. स्वच्छ ळ.

माझ्या केळ्यांनी वर्षभरात जे जमवलं नव्हतं, ते नानीच्या ढूंढाडीने करून ठेवलं होतं. राजस्थानीत ळ आहे, हिंदीत नाही, हे मी पुस्तकांत वाचलं होतं. तेरा वर्षं ते सासूबाईंच्या तोंडून ऐकतही होतो. काळो, थाळी, होळी. लेक जन्मली तेव्हा जलवापूजनाला त्यांनी बायकोसाठी पिवळी ओढणी आणली होती. बाळंतिणीला माहेरून ही ओढणी येते, एरवी मुलगा झाला की विशेष हौसेने. शेजारणींनी भुवया उंचावल्या तेव्हा सासूबाई म्हणाल्या होत्या, "म्हारी छोरी को पीळो छै." मी मात्र ते पीला असंच ऐकलं होतं. जे अक्षर जपायला मी हिंदीचं दार ओढून घेतलं होतं, ते त्याच दारापलीकडे नानीच्या ताटात, ओढणीत रोज वावरत होतं.

परत घरी आल्यावर एका संध्याकाळी मी तिला समोर बसवलं. म्हटलं, "तुला एक सांगायचंय. मला हिंदी येतं."

तिने चित्रातून मान वर केली नाही. "पता है."

"कधीपासून?"

"तू बाल्कनी में फोन पे बोलता है ना. सुनाई देता है."

म्हणजे तिला सगळं ठाऊक होतं, आणि तरी ती माझा खेळ खेळत होती, रोज, पाण्याच्या प्रत्येक ग्लासाला. म्हणजे त्या रात्रीही तिला माहीत होतं, की बाबाला कळलं आहे. याला माझ्याकडे उत्तर नाही. मी तिला म्हटलं, "त्या रात्री मी चुकलो. मला समजलं होतं. दुखत असेल तेव्हा कुठल्याही भाषेत सांग, मी लगेच उठेन." मराठीत म्हटलं, आणि मग, तिच्यादेखत पहिल्यांदाच, तेच सगळं हिंदीतही म्हटलं. तिला माझं हिंदी विनोदी वाटलं. "तू तो आजी जैसा बोलता है," ती म्हणाली.

आता मी तिच्याशी मराठीतच बोलतो. ती कधी हिंदीत उत्तर देते, कधी मराठीत, पुष्कळदा दोन्हींत. मी दोन्हींना उठतो. पायऱ्या अजून मोजतो. केळ्याची परीक्षा बंद केली आहे. वहीत आता मराठीशेजारी नानीच्या शब्दांसाठीही एक रकाना आखला आहे, आणि तो मराठीपेक्षा वेगाने भरतो.

परवा पायऱ्यांवर मुंगळ्यांची रांग लागली होती. विसाव्या पायरीपाशी ती थबकली, माझा हात घट्ट धरला आणि विचारलं, "बाबा, मकोड़े को मराठी में क्या बोलते हैं?"

आजवर तिने मला मराठी शब्द मागितला नव्हता. मीच देत आलो होतो.

"मुंगळा," मी म्हटलं.

तिने तो मनाशी घोळवला, रांग ओलांडली आणि पुढच्या पायरीवरून मागे वळून सगळ्या मुंगळ्यांना उद्देशून म्हणाली, "ए मुंगळो!"

शेवटचा ओ नानीचा होता. तो मी सुधारला नाही. "एकवीस," मी म्हटलं, आणि आम्ही वर निघालो.