फर्मानाने आलेली राज्यघटना

जानेवारी २०२३ मध्ये तेव्हाचे उपराष्ट्रपती जगदीप धनखड यांनी केशवानंद भारती निकालावर टीका केली आणि आमच्या परभणीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दोन तट पडले. एकाचं म्हणणं साधं होतं: खासदार आम्ही निवडून देतो, न्यायाधीश नाही, मग संसदेला अडवणारे ते कोण?

ब्रिटनमध्ये हे म्हणणं बरंचसं चालतं. तिथे संसदेचा कायदा न्यायालयाला रद्द करता येत नाही. आपल्याकडेही हा प्रश्न उडवून लावण्यासारखा नाही, निदान परभणीकराने तरी नाही.

१९४८ पर्यंत आमच्याकडे सार्वभौम म्हणजे एकच माणूस, निजाम. घटना समितीत हैदराबाद संस्थानाचा प्रतिनिधीच नव्हता. 'आम्ही भारताचे लोक' म्हणणारी राज्यघटना आमच्यापर्यंत आली ती २३ नोव्हेंबर १९४९ च्या निजामाच्या फर्मानाने. ही गंमत शाळेत कुणी सांगितली नाही.

त्याच वर्षी संस्थानातल्या जहागिरी रद्द झाल्या. पण देशात इतरत्र जमीनदार कोर्टात जात होते. बिहारचा जमीनदारी निर्मूलनाचा कायदा पाटणा उच्च न्यायालयाने रद्द केला. तेव्हा संसदेने १९५१ मध्ये पहिली घटनादुरुस्ती करून नववं परिशिष्ट आणलं आणि १३ कायदे न्यायालयाच्या आवाक्याबाहेर ठेवले. त्यातले शेवटचे दोन, १२ वा आणि १३ वा, हैदराबादच्या जहागिरींचे. म्हणजे संसदेच्या ताकदीचा फायदा आमच्या भागाला थेट झालाय.

तरीही मी दुसऱ्या तटात आहे. कारण १९७६. आणीबाणीत ४२ व्या दुरुस्तीने संसदेच्या घटनादुरुस्तीच्या अधिकाराला मर्यादाच नाही असं लिहून टाकलं, आणि उच्च न्यायालयांच्या कलम २२६ च्या अधिकारालाही कात्री लावली. अ‍ॅडमिननेच लॉग बंद करावेत, तसं.

खरं तर केशवानंद निकालाने २४ एप्रिल १९७३ लाच रेघ ओढली होती: घटना बदला, पण तिची मूलभूत चौकट मोडू नका. १३ न्यायाधीश, ७ विरुद्ध ६. एवढी मोठी गोष्ट एका मताने ठरली, याची मला अजून धास्ती वाटते. त्या सहांत पुण्याचे यशवंत चंद्रचूड होते. पुढे सरन्यायाधीश झाल्यावर, १९८० च्या मिनर्व्हा मिल्स खटल्यात, संसदेचा मर्यादित अधिकार हाच चौकटीचा भाग आहे असं बहुमताचा निकाल लिहिताना त्यांनीच म्हटलं. मधल्या सात वर्षांत देशाने आणीबाणी पाहिली होती.

१९९७ मध्ये एल. चंद्रकुमार खटल्यात सात न्यायाधीशांनी एकमताने कलम २२६ चा अधिकारही त्या चौकटीत बसवला. हे कलम वकिलांचं वाटतं, म्हणून ग्रुपवर त्याचं नाव कुणी काढलं नाही.

१० डिसेंबर २०२४ ला परभणी रेल्वे स्टेशनजवळ, डॉ. आंबेडकरांच्या पुतळ्यासमोरच्या राज्यघटनेच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. आंदोलन, हिंसाचार, धरपकड. अटक झालेला कायद्याचा एक विद्यार्थी १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत असताना गेला. त्याची आई मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात गेली. जुलै २०२५ मध्ये खंडपीठाने गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला. राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं. आदेश टिकला.